जुन्या वेगाची पारख

वेग हे यंत्रयुगाने दिलेले सुख खरे, पण आरंभी ते धनिकांच्याच वाट्यास आले. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडात ज्या शक्तिमान, उघड्या आणि डौलदार स्पोर्ट्स कार निर्माण झाल्या, त्या कोऱ्या असताना विकत घेण्याची ऐपत जमीनदार, कारखानदार आणि आफ्रिकेतील हिऱ्यांच्या खाणींवर गबर झालेली घराणी यांच्यापुरतीच मर्यादित होती. परंतु त्याच मोटारी आठ-दहा वर्षांनी, तीन-चार मालकांच्या हातांखालून गेल्यावर, रंग उडालेल्या आणि कातडी बैठका फाटलेल्या अवस्थेत का होईना, जेव्हा बँकेतील कारकुनाच्या किंवा कारखान्यातील उमेदवाराच्या आटोक्यात आल्या, तेव्हा त्या सुखाचा वारसा सामान्य माणसाकडे उतरला. स्पोर्ट्स कारचा इतिहास लिहिणाऱ्यांनी कारखानदारांची आणि शर्यतवीरांची चरित्रे विस्ताराने लिहिली आहेत. जुनी गाडी घ्यावी की न घ्यावी या विवंचनेत रात्र काढणाऱ्या गिऱ्हाइकांचा इतिहास मात्र छोट्या जाहिरातींत, न्यायालयांच्या निवाड्यांत आणि क्लबांच्या पत्रकांत विखुरलेला आहे. तो एकत्र मांडून पाहिला म्हणजे ध्यानात येते की, ज्या वस्तूचे पूर्वायुष्य केवळ विकणाऱ्यालाच ठाऊक आहे, तिच्यावर विश्वास कोणत्या आधारावर ठेवावा, या एकाच प्रश्नाचे उत्तर एक अख्खा समाज अर्धशतकभर शोधीत होता.

हा प्रश्न मोटारीबरोबर जन्मास आलेला नाही. घोड्यांच्या बाजारात तो शतकानुशतके विचारला जात होता, आणि आपल्या मुलखाला त्याची ओळख चांगलीच होती. अल्लाउद्दीन खिलजीने आणि पुढे अकबराने घोड्यांना डाग देण्याची आणि त्यांचा चेहरा दफ्तरी लिहून ठेवण्याची पद्धत घातली ती एवढ्याचसाठी की, गणतीला दाखविलेले उमदे जनावर आणि मोहिमेवर आलेले मरतुकडे तट्टू यांची अदलाबदल होऊ नये. कुमैत, अबलख, पंचकल्याणी अशा रंगखुणांची मोठी परिभाषा आपल्याकडे तयार झाली; दात पाहून वय सांगणारे, भोवरे पाहून गुणदोष वर्तविणारे, चाल पाहून ऐब ओळखणारे जाणते निर्माण झाले. इंग्लंडात न्यायालयांनी गिऱ्हाइकाला फारशी सहानुभूती दाखविली नाही. १६०३ साली एका सोनाराने, विषावर उतारा मानला जाणारा बेझोर नावाचा खडा म्हणून एक दगड शंभर पौंडांस विकला. तो बेझोर नव्हता हे पुढे उघड झाले, तरी सोनाराने स्पष्ट हमी दिली नव्हती, नुसते सांगितले होते, एवढ्या कारणास्तव गिऱ्हाइकाची फिर्याद टिकली नाही. घेणाऱ्याने आपले डोळे उघडे ठेवावेत, हा त्या कायद्याचा मूळ दंडक. घोड्याच्या बाबतीत डोळे उघडे ठेवून काही तरी दिसे. पण पोलादाच्या बंद पेटीत तेलाने माखून फिरणाऱ्या यंत्राचे दात कोणी आणि कसे पाहावेत, ही विसाव्या शतकाने टाकलेली नवी अडचण होती.

वॉल्टर ओवेन बेंटली यांनी १९१९ साली लंडनच्या बेकर स्ट्रीटलगतच्या एका गल्लीत आपले पहिले एंजिन सुरू केले आणि दोनच वर्षांत क्रिकलवुडच्या कारखान्यातून तीन लिटरची बेंटली गिऱ्हाइकांच्या हाती पडू लागली. नुसत्या चासीची किंमत हजार पौंडांच्या घरात. तिच्यावर वँडन प्लाससारख्या कारागिरांकडून बॉडी चढवून घ्यावयाची ती वेगळी. कंपनी चासीची पाच वर्षांची हमी देई, यावरून तिचा आपल्या कामावर केवढा भरवसा होता हे दिसते. ल मां येथील चोवीस तासांची शर्यत बेंटलीने १९२४ साली आणि पुढे १९२७ पासून १९३० पर्यंत ओळीने चार वेळा जिंकली. परंतु जगातील मंदीपुढे विजयचिन्हे कामास आली नाहीत, आणि १९३१ साली कंपनीचा कारभार अवसायकाच्या हाती जाऊन अखेरीस ती रोल्स-रॉईसने विकत घेतली. निर्माता अस्तास गेला, पण त्याची निर्मिती रस्त्यावर धावतच होती. आणि पहिले मालक नव्या गाड्यांकडे वळल्यामुळे त्या भक्कम मोटारी मूळ किमतीच्या अल्पशा अंशाला बाजारात येऊ लागल्या.

इतकी उत्तम वस्तू इतकी स्वस्त का झाली, याचे उत्तर सरकारच्या करपद्धतीत सापडते. १९२१ च्या आरंभापासून इंग्लंडात मोटारीवरील वार्षिक कर तिच्या अश्वशक्तीवर, दर अश्वशक्तीमागे एक पौंड असा बसविण्यात आला. आणि ही अश्वशक्ती एंजिनाच्या खऱ्या सामर्थ्यावरून न मोजता, सिलिंडरच्या व्यासाचा इंचांतील वर्ग करून, त्यास सिलिंडरांच्या संख्येने गुणून आणि अडीचने भागून काढली जाई. पिस्टन किती खोल उतरतो याचा त्या सूत्रात विचारच नव्हता. या हिशेबाने तीन लिटरची बेंटली सोळा पौंड कराला पात्र होई आणि साडेचार लिटरची पंचवीस पौंडांच्या आसपास जाई. उलट मॉरिस गॅरेजेसचे व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी १९२८ च्या ऑलिम्पिया प्रदर्शनात मांडलेली चिमुकली एम. जी. मिजेट आठ पौंडांत सुटे. मिजेटची किंमत १७५ पौंड. एंजिन ८४७ घनसेंटिमीटरचे. अंगावर पत्र्याऐवजी लाकडी सांगाड्यावर ताणलेले कापड. कराच्या भाराखाली, पेट्रोलच्या खर्चाखाली आणि १९३० च्या कायद्याने सक्तीच्या झालेल्या विम्याच्या हप्त्याखाली थोरल्या गाड्यांचे मोल खचत गेले, आणि मध्यमवर्गीय तरुणापुढे एक खरोखरीचा पेच उभा राहिला : कोरी, हलकी, कमी खर्चाची मिजेट घ्यावी, की कदाचित तिच्याहूनही कमी किमतीत मिळणारी, ल मांच्या विजेत्याची सख्खी बहीण म्हणता येईल अशी जुनी बेंटली?

या पेचाचा उलगडा खरेदीच्या आकड्यात नव्हता, तो एंजिनाच्या घडणीत होता. बेंटलीच्या तीन लिटर एंजिनाला चार सिलिंडर, प्रत्येकास चार व्हॉल्व्ह आणि वर एक कॅमशाफ्ट. सिलिंडरचा ठोकळा आणि त्याचे डोके एकाच ओतकामातून निघालेले. डोके आणि ठोकळा यांच्यामध्ये गॅस्केटच नसल्याने ते जळण्याची भीती नसे, ही त्या रचनेची मोठी खुबी. पण नेमक्या याच कारणामुळे साधे व्हॉल्व्ह घासावयाचे झाले तरी डोके सुटे करता येत नसे, अवघा ठोकळा पिस्टनांवरून वर उचलून काढावा लागे. मिजेटच्या मालकाला जे काम रविवारच्या दुपारी घराच्या आवारात करता येई, त्यासाठी बेंटलीच्या मालकाला कप्पी, दोन मदतनीस आणि मोठी सबुरी लागे. म्हणून जाणता माणूस जुनी बेंटली पाहावयास गेला म्हणजे रंगाकडे आणि निकेलच्या झळाळीकडे पाठ फिरवून एंजिन थंड आहे की आधीच तापवून ठेवले आहे हे बोनेटवर हात ठेवून पाही. गाडी पुरती तापल्यावर ऑइल प्रेशरचा काटा कितीवर स्थिरावतो, उतारावर पाय उचलून पुन्हा दाबल्यास मागून निळा धूर निघतो काय, ओढ पडली असता खालून बेअरिंगांचा घुमणारा आवाज येतो काय, इकडे त्याचे लक्ष असे. आणि पुढचे चाक उचलून दोन्ही हातांनी हलविले असता ज्यांवर ते वळते त्या किंगपिनांत ढिलेपणा किती आहे हे पाहिल्याशिवाय तो किमतीची गोष्टच काढीत नसे. हे ज्ञान कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते. ते ज्यांनी पदरमोड करून मिळविले, त्यांच्याच जवळ होते.

त्या ज्ञानाला घर मिळाले १९३४ साली. त्या वर्षी काही मोटारप्रेमींनी व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब स्थापन केला, आणि बेताच्या प्राप्तीच्या माणसालाही या छंदाचा उपभोग घेता यावा असा उद्देश मनाशी धरला. नव्या गाड्यांवर चकाकी वाढली पण घडणीतील सचोटी घटली, असे त्यांचे मत होते. १९३१ पूर्वीची मोटार ही पुढे त्यांच्या प्रवेशाची रूढ मर्यादा ठरली. तत्पूर्वी १९३० मध्ये एम. जी. कार क्लब निघालाच होता, १९३६ मध्ये बेंटली ड्रायव्हर्स क्लब आला, आणि त्याच सुमारास मोटर स्पोर्ट मासिकाची सूत्रे हाती घेतलेल्या बिल बॉडी यांनी जुन्या मोटारींच्या अभ्यासाला छापील प्रतिष्ठा दिली. या संस्थांचे कार्य वरवर पाहता शर्यती, चढणीच्या चाचण्या आणि भोजने एवढेच भासे. पण त्यांचा खरा उपयोग असा की, गाडी पाहावयास निघालेल्या नवख्या माणसास तीच गाडी दहा वर्षे बाळगलेला एखादा सभासद सोबतीस मिळे, आणि तो सभासद कसलीही दस्तुरी घेत नसे. विकणाऱ्याच्या ज्ञानाची बरोबरी करणारे ज्ञान घेणाऱ्याच्या बाजूस उभे राहण्याची ही पहिली वेळ होती, आणि माझ्या मते या सबंध इतिहासातील तीच निर्णायक घटना होय.

दुसऱ्या महायुद्धानंतर बाजाराची घडी पार बदलली. परकीय चलनाच्या तुटवड्यामुळे सरकारने पोलादाचा पुरवठा निर्यातीशी जखडून टाकला. अॅबिंग्डनच्या कारखान्याने १९४५ ते १९४९ या काळात सुमारे दहा हजार एम. जी. टी. सी. गाड्या काढल्या खऱ्या, पण त्यांतील पुष्कळशा समुद्रापार गेल्या, आणि इंग्रज तरुणाला नव्या गाडीसाठी यादीत नाव घालून वर्षानुवर्षे तिष्ठावे लागले. नवी गाडी मिळालेल्याने ती ठराविक मुदतीपर्यंत विकू नये असा करारनामा व्यापारी संघ त्याजकडून लिहून घेई. कारण अधिकृत किमतीला मिळालेली गाडी दुसऱ्याच दिवशी कितीतरी अधिक मोलाला खपे. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या फियाटसाठी ज्यांनी पुढील काळात नंबर लावून वाट पाहिली आहे, त्यांना जुनी गाडी नवीहून महाग असण्याची ही उफराटी अवस्था समजावून सांगण्याची गरज नाही.

अशा टंचाईत लंडनच्या वॉरन स्ट्रीटचे नाव गाजले. टॉटनहॅम कोर्ट रोडला लागून असलेल्या या रस्त्यावर दुकान नसलेले व्यापारी पदपथावर उभे राहून रोखीने गाड्यांची उलाढाल करीत. गाडी सकाळी एकाच्या नावे, दुपारी दुसऱ्याच्या आणि संध्याकाळी तिसऱ्याच्या, आणि पावती मात्र कोणाचीच नाही, असा प्रकार तेथे सर्रास चाले. १९४९ मध्ये त्या रस्त्यावरील एका व्यापाऱ्याचा खून झाला आणि वर्तमानपत्रांनी तेथील व्यवहारांवर जो प्रकाश टाकला, त्याने वॉरन स्ट्रीट हे नाव घराघरांत अविश्वासाचे प्रतीक होऊन बसले. तेथे गाडी घेणाऱ्यास दोन भये असत. मीटर मागे फिरविलेला असणे हे पहिले, आणि दुसरे अधिक घातक, म्हणजे गाडीवर हप्त्यांचे कर्ज थकलेले असणे. भाडेखरेदीच्या पद्धतीत शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी अर्थपुरवठा करणाऱ्या कंपनीचीच राही. त्यामुळे हप्ते न भरता कोणी गाडी विकून टाकली, तर प्रामाणिकपणे पैसे मोजून ती घेणाऱ्याच्या दारातून कंपनी ती उचलून नेई, आणि त्याची दाद लागत नसे. कंपन्यांनी आपसांत माहिती ठेवण्यासाठी १९३८ सालीच एक नोंदणी-कार्यालय काढले होते. पण अजाण खाजगी गिऱ्हाइकाची मालकी शाबूत राखणारा कायदा होण्यास १९६४ साल उजाडावे लागले.

कागदपत्रांचा आधार या काळात वाढत गेला. १९२० च्या रोड्स अॅक्टाने इंग्लंडात प्रत्येक मोटारीस नोंदणीपुस्तिका मिळाली. तिला लोक लॉगबुक म्हणत. तीत एंजिनाचा व चासीचा क्रमांक, पहिल्या नोंदणीचे साल आणि एकामागून एक मालकांची नावे लिहिलेली असत, आपल्याकडील आर. सी. बुक याच परंपरेतील. पण लिहिलेले ते सर्व खरे, हा समज किती ठिसूळ असतो याचा दाखला एका कज्ज्यात मिळाला. एका गृहस्थाने नवी गाडी घेताना आपली जुनी मॉरिस व्यापाऱ्यास २९० पौंडांस दिली. लॉगबुकात पहिली नोंदणी १९४८ ची होती आणि तो ते प्रामाणिकपणे खरे मानीत होता. काही महिन्यांनी व्यापाऱ्याने चासीचा क्रमांक कारखान्यात पडताळला तेव्हा गाडी १९३९ ची निघाली. आधीच्या कोणा अज्ञात मालकाने पुस्तिकेत खाडाखोड केली होती. व्यापाऱ्याची फिर्याद अपील न्यायालयाने बहुमताने फेटाळली, कारण खरे साल शोधून काढण्याची साधने त्याच्याच हाती होती. याच्या उलट १९६५ च्या दुसऱ्या एका खटल्यात डिक बेंटली या प्रसिद्ध विनोदी नटाच्या कंपनीने १,८५० पौंडांस एक बेंटली घेतली होती. नवे एंजिन बसविल्यापासून ती केवळ वीस हजार मैल चालल्याचे विक्रेत्याने सांगितले, प्रत्यक्षात ते अंतर लाखाच्या घरात होते. येथे लॉर्ड डेनिंग यांच्या न्यायपीठाने व्यापाऱ्यास जबाबदार धरले. दोन्ही निवाडे शेजारी ठेवून वाचले तर त्यांतील तत्त्व एकच दिसते : ज्याला माहिती होती, अथवा सहज करून घेता आली असती, त्याच्याच शिरावर बोलण्याची जबाबदारी.

१८९३ चा इंग्लंडचा मालविक्री कायदा हा या सर्व वादांचा पाया; आणि आपला १९३० चा मालविक्री कायदा त्याच्याच साच्यावर घडविला असल्याने त्यातील मर्मे येथील वाचकालाही लागू पडतात. व्यापारी आपल्या धंद्याच्या ओघात वस्तू विकीत असेल, तर ती व्यवहारयोग्य असली पाहिजे असे कायदा गृहीत धरतो. मात्र गिऱ्हाइकाने वस्तू तपासली असेल, तर जो दोष त्या तपासणीत दिसावयास हवा होता, त्याबद्दल मागाहून तक्रार करता येत नाही. म्हणजे वरवर पाहून मान डोलाविणे हे न पाहण्याहूनही महाग पडते. १९६५ मध्येच एका जुन्या जॅग्वारच्या व्यवहारात विक्रेत्याने क्लचमध्ये किरकोळ दोष असल्याचे आधीच सांगितले, गिऱ्हाइकाने त्याबद्दल पंचवीस पौंड किंमत कमी करवून गाडी घेतली, आणि दुरुस्तीचा खर्च पुढे अंदाजाबाहेर गेला. डेनिंग यांनी निर्णय दिला की जुनी गाडी चालविण्यायोग्य असली म्हणजे कायद्याचे समाधान झाले, ती निर्दोष असावी अशी अपेक्षा जुन्या वस्तूबाबत बाळगता येणार नाही. तो निर्णय मला कठोर वाटत नाही. गिऱ्हाइकाने दोष जाणूनच सवलत घेतली होती. सवलतीचा आकडा ठरविताना त्याने दोषाची खोली अजमावली नाही, एवढाच त्याचा तोटा.

साठनंतरच्या काळात दोषांचे स्वरूपही पालटले. पूर्वीच्या गाड्यांत भक्कम चासीवर बॉडी निराळी बसविलेली असे, टी. सी.च्या अॅश लाकडाच्या सांगाड्याला कीड लागली वा ओल धरली, तरी सुतार तो बदलू शके. १९६२ साली आलेल्या एम. जी. बी.ला वेगळी चासी नव्हती. वाकवून जोडलेला पत्राच तिचा कणा होता, आणि त्या कण्याचे बळ सर्वांत अधिक दरवाजांखालच्या दोन्ही पेट्यांत, इंग्रज ज्यांना सिल म्हणतात त्यांत, साठविलेले होते. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ पाण्याबरोबर या पेट्यांत शिरे आणि पत्रा आतून कुजत जाई. धूर्त विक्रेता सडलेल्या पेटीवर नव्या पत्र्याचे वेष्टन जोडून, पुट्टी भरून, वर चकचकीत रंग देई. पारखी माणूस खिशात लहानसे लोहचुंबक ठेवी, कारण पुट्टीवर ते चिकटत नाही. दरवाजा आणि मडगार्ड यांमधील फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे काय, हे तो डोळा लावून पाही. आणि गाडीची एक बाजू जॅकवर चढविली असता दरवाजा घासू लागला, तर कणाच वाकतो आहे हे समजून तेथून निघे. १९६० मध्ये परिवहनमंत्री अर्नेस्ट मार्पल्स यांच्या कारकिर्दीत दहा वर्षांहून जुन्या गाड्यांची वार्षिक सरकारी तपासणी सुरू झाली. नापास गाड्यांचे प्रमाण एवढे आढळले की लगेच १९६१ मध्ये ती मर्यादा सात वर्षांवर आणि १९६७ मध्ये तीन वर्षांवर आणावी लागली. प्रारंभी ब्रेक, दिवे आणि सुकाणू एवढेच पाहिले जाई. चासीच्या आणि बॉडीच्या सांगाड्याची तपासणी तीत १९७७ मध्ये आली. तोवर त्या बाबतीत दाखल्याचा कागद मुका होता.

जे अनुभवाने लोकांस कळले होते, ते १९७० साली एका अर्थशास्त्रज्ञाने सिद्धान्तरूपाने मांडले. जॉर्ज अॅकरलॉफ यांनी अमेरिकेतील जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, चांगली गाडी आणि रद्दड गाडी यांतला भेद गिऱ्हाइकास कळेनासा झाला म्हणजे तो सर्वांनाच मधली किंमत देऊ करतो. त्या किमतीला चांगली गाडी विकणे मालकास परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात आणि वाईट तेवढ्या उरतात. १९६७-६८ या वर्षी अॅकरलॉफ भारतात होते, आणि त्यांच्या त्या निबंधात आपल्या बाजारातील तांदूळ येतो, ज्यात त्याच रंगाचे व आकाराचे खडे मुद्दाम मिसळलेले असल्याने गृहिणीस ते वेचीत बसावे लागते. आपले सावकारही येतात. तीन नियतकालिकांनी परत केलेला हा निबंध २००१ च्या नोबेल पारितोषिकाचा आधार ठरला. त्याचे सार असे की, अज्ञानाची किंमत फसलेल्या गिऱ्हाइकाबरोबर प्रामाणिक विक्रेत्यालाही मोजावी लागते, आणि सरतेशेवटी बाजारच बुडतो.

जुन्या स्पोर्ट्स कारचा बाजार बुडाला नाही, याचे श्रेय क्लबांना दिले पाहिजे. १९७० मध्ये ट्रायम्फ कंपनीच्या टी. आर. गाड्यांच्या मालकांनी टी. आर. रजिस्टर काढले, १९७३ मध्ये एम. जी. ओनर्स क्लब आला. कोणत्या सालच्या गाडीस कोणते भाग मूळचे, कोणते क्रमांक खरे, कोणता दोष कोणत्या ठिकाणी हमखास उद्भवतो आणि त्याच्या दुरुस्तीस काय पडते, याची बाडे सभासदांच्या वर्गणीतून तयार झाली आणि सर्वांना खुली राहिली. १९८० च्या ऑक्टोबरात अॅबिंग्डनचा कारखाना बंद पडला तोवर पाच लाखांहून अधिक एम. जी. बी. बांधून झाल्या होत्या. त्या गाड्यांवरील प्रेम एवढे टिकून राहिले की १९८८ मध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने जुन्याच साच्यांवरून त्यांच्या कोऱ्या बॉड्या पुन्हा काढावयास आरंभ केला. कारखाना मिटल्यावर आठ वर्षांनी त्याच्या मोटारीचा कणा नव्याने मिळू लागावा, ही गोष्ट मालकांची संघटित निष्ठा नसती तर घडली नसती.

आज कोणी अशी जुनी गाडी घेण्याचा विचार करीत असेल, तर या इतिहासाने त्याच्यासाठी पुष्कळ तजवीज करून ठेविली आहे. कागद पाहावयास आहेत, कर्जाचा बोजा तपासावयास नोंदी आहेत, व्यापाऱ्याकडून घेतल्यास कायद्याचे संरक्षण आहे, सरकारी तपासणीचा दाखला असल्यास तोही आहे. पण लॉगबुकात खाडाखोड होऊ शकते, दाखला त्या दिवसापुरता असतो, आणि न्यायालय गेलेले पैसे देववील, गेलेली वर्षे देवविणार नाही. म्हणून गाडीच्या किमतीबरोबरच तिच्या पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीचा अदमास आधी मांडावा. तिच्याच जातीची गाडी बाळगणाऱ्या जाणत्यास बरोबर न्यावे. एंजिन थंड असताना जावे आणि गाडी उचलून खालून पाहावी. आणि मुख्य म्हणजे इसार देण्यापूर्वी घरी परतण्याची मोकळीक स्वतःस ठेवावी. डाग आणि चेहरा लिहिणाऱ्या दफ्तरापासून मालकांच्या क्लबांपर्यंत माणसांनी जी साधने घडविली, त्या सर्वांचा हेतू गिऱ्हाइकाला योग्य वेळी नाही म्हणता यावे हाच होता. ज्याला नाही म्हणता येते, त्याच्याच होकाराला काही मोल असते. आणि असा होकार देऊन घरी आणलेली जुनी मोटार तिचा नवा मालक आनंदाने आणि जबाबदारीने सांभाळील, अशी आशा बाळगण्यास या इतिहासात भक्कम आधार आहे.